मामांची एकशे बारा पानं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी मी कॉम्प्युटरची एक टीप टाकते. मला कुणी सांगितलेलं नाही. नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका ऑफिसात चौदा वर्षं कॉम्प्युटरसमोर काढली, नोकरी सुटली पण खोड सुटली नाही. ‘ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे ठेवून मशीन हळू झालं म्हणून रडू नका.’ ‘अपडेट चालू असताना बटण दाबून बंद करू नका, तो काय मिक्सर आहे का?’ अशा माझ्या टिपा. खाली लोक हात जोडल्याचं चित्र टाकतात, कुणी गुलाबाचं फूल टाकतं, आणि दुपारी तीच माणसं लॅपटॉप काखेत मारून दारात उभी. “वहिनी, बघा ना, अडकलंय.” मी आधी चार शब्द सुनावते, मग चहा टाकते, मग बघते. निम्म्या वेळा नुसतं बंद करून चालू केलं की काम होतं.

माझा राग सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. पण सगळ्यात बिलंदर गिऱ्हाईक माझ्या घरातच होतं, ते म्हणजे माझे सासरे. आम्ही मूळ मराठवाड्याचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी अख्खं आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून काढलं. रिटायर झाल्यावर दोन महिने घरात फेऱ्या मारल्या, आणि एके दिवशी माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. म्हणाले, “मला यावर मराठी लिहायला शिकव. आईबद्दल लिहायचंय.”

मामांची आई म्हणजे माझी आजेसासू. दुष्काळात गाव सोडून इकडे आली आणि डोंगराच्या पायथ्याशी खाणीवर खडी फोडायला लागली. मामा तेव्हा नऊ वर्षांचे. पुढच्याच वर्षी ती तापानं गेली. मावशीनं मामांना वाढवलं. आमच्या भिंतीवर सासूबाईंचा फोटो आहे, मावशीचाही आहे. आईचा नाही. खाणीवरच्या बाईचा फोटो कोण काढणार? नातवंडांना दाखवायला तिचं काही म्हणता काही उरलं नव्हतं, म्हणून मामांना ती लिहून ठेवायची होती.

मी कीबोर्डवर मराठी अक्षरांची स्टिकर्स चिकटवून दिली. मामा रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मशीनपुढे बसायचे. घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट! एका बोटानं एकेक अक्षर शोधत तीन वर्षं लिहीत होते. आम्हाला वाचायला देत नव्हते. “पुरं झाल्यावर,” एवढंच. कितवं पान चालू आहे ते मात्र रोज जेवताना सांगायचे. एकशे बारापर्यंत गाडी आली होती.

अपडेटचं नाव काढलं की मामांचा चेहरा बदलायचा. स्क्रीनवर पाटी आली की ते ‘नंतर’ दाबायचे. दिवसातून चार वेळा आली तर चार वेळा दाबायचे. “चालू मशीनला हात लावायचा न्हाई,” हे त्यांचं फिटरचं तत्त्व. मी म्हटलं, निदान फाइल ऑनलाइन तरी ठेवूया, तर म्हणाले, “माझी आई परक्याच्या घरी कशाला?” मी हात टेकले.

मग त्या जुन्या सिस्टिमला यापुढे अपडेट मिळणार नाहीत, अशी सूचना यायला लागली. आता तर मला जोरच चढला. मी जगाला शहाणपण शिकवणार आणि माझ्याच हॉलमध्ये असलं उघडं मशीन! मामांच्या मागेच लागले. शेवटी एका शनिवारी ते कंटाळून म्हणाले, “कर बाई काय करायचं ते.”

“मामा, पेनड्राइव्हवर घेतलंय ना सगळं?”

“घेतलंय. दोनदा घेतलंय.”

मी पेनड्राइव्ह लावून पाहिला. ‘आई’ नावाचं चिन्ह दिसलं. मला तेवढंच पुरलं. उघडून बघितलं नाही. डिस्क पुसली, नवी सिस्टिम टाकली, दुपारी सगळं चकाचक करून मामांना हाक मारली आणि त्यांच्यासमोर ऐटीत पेनड्राइव्हवरच्या ‘आई’वर क्लिक केलं. स्क्रीनवर आलं की हा शॉर्टकट ज्या फाइलचा आहे ती फाइल सापडत नाही.

एका क्षणात सगळं समजलं. मामांना फाइल पटकन मिळावी म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच तिचा शॉर्टकट समोर आणून ठेवला होता. खरी फाइल आत दुसरीकडे होती. मामांनी ते समोरचं चिन्ह ओढून पेनड्राइव्हवर टाकलं होतं, म्हणजे घराऐवजी घराच्या पत्त्याची चिठ्ठी. कोपऱ्यात छोटा बाण असलेली ती चिन्हं मी रोज शंभर वेळा बघते. त्या दिवशी तो बाण मला दिसला नाही.

“झालं का गं?” मामांनी मागून विचारलं.

“सेटिंग बाकी आहे, मामा.” मी धडधडीत खोटं बोलले.

वाशीला एका दुकानात डिस्क घेऊन गेले. गेलेला डेटा परत काढून देतात तिथे. त्या माणसानं दोन दिवस ठेवून घेतली आणि मान हलवली. म्हणाला, त्याच जागेवर नवी सिस्टिम बसलीय, मॅडम, आता काही निघणार नाही. जाता जाता म्हणाला, “बॅकअप ठेवत जा.” मला! ऐकून घेतलं.

ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लाजिरवाणे. मामा रोज सकाळी तयार होऊन खुर्चीत येऊन बसायचे, दहा मिनिटं थांबायचे, उठून जायचे. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, “सांगून टाक. रोज इस्त्रीचा शर्ट घालतायत. मला बघवत नाही.”

मी सांगितलं.

“सगळी पानं?”

“सगळी.”

“पेनड्राइव्हवर हायत की.”

“ते नुसतं चित्र होतं, मामा. आत काही नव्हतं.”

त्यांनी शर्ट काढून घडी घातली, खुंटीवरचा बनियन चढवला आणि बाल्कनीत जाऊन बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते आणि रडत होते, आणि रडते म्हणून स्वतःवरच चिडत होते.

पुढचे पंधरा दिवस मामा मशीनकडे फिरकले नाहीत. मोठ्या आवाजात बातम्या लावून बसायचे. मीही टिपा टाकणं बंद केलं, कुठल्या तोंडानं टाकणार? ग्रुपवर लोक विचारायला लागले, वहिनींची तब्येत बरी आहे ना? शेवटी एका सकाळी मनाचा हिय्या करून लिहिलं: ‘आजची टीप. आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर ती फाइल नाही. बॅकअप घेतल्यावर उघडून बघा. मी बघितलं नाही. माझ्या हातून सासऱ्यांचं तीन वर्षांचं लिखाण गेलं.’ त्या दिवशी कुणी गुलाब टाकला नाही.

तासाभरानं मामा मोबाइल हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. मी मेथी निवडत होते.

“हे खोटं लिहिलंयस.”

“काय खोटं?”

“माझ्या हातून म्हणून. तो बाण मला दिसला हुता. मला वाटलं, माल निघाला. आमच्या कारखान्यातनं जायच्या खोक्यावर बाण असायचा. म्हटलं, चला, आई पोचली.”

मामांच्या मिशा हलायला लागल्या. हसत होते! मला हसू आलं, त्यातच रडू आलं, दोन्हीचा काला झाला. “अगं, गप,” मामा म्हणाले. “शेजारी म्हणतील, सासरा छळतोय.”

मग म्हणाले, “ऊठ. बस मशीनपुढं. माझं बोट आता आणखी तीन वर्षं चालायचं न्हाई. मी सांगतो, तू हाण.”

तशी आमची रोजची बैठक सुरू झाली. भांडी घासून होईतो मामा शर्ट घालून तयार. पहिल्या दिवशी त्यांनी घसा खाकरला आणि सभेत बोलावं तसं सुरू केलं, “माझी आई अत्यंत कष्टाळू, सोशिक व मितभाषी होती.” मी टाइप केलं. मग राहवलं नाही. “मामा, मितभाषी म्हणजे घरात गप्प असायची?”

मामा घुटमळले. “गप्प कसली! तिचा आवाज खाणीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जायचा. मुकादमानं हजेरी खाल्ली म्हणून खडीची पाटी त्याच्या पायावर वतली हुती.”

“हे आधी लिहिलं होतं?”

“छ्या! पोरं वाचतील, लोक वाचतील. चांगलं चांगलं लिहिलं हुतं.”

मी ती पहिली ओळ पुसून टाकली आणि पाटीपासून सुरुवात केली. मामांनी आढेवेढे घेतले, पण एकदा तोंड उघडल्यावर थांबायचं नाव नाही. आई मिश्री लावायची, जेवताना लावायची म्हणून मावशीशी भांडण. पोराला मारायची आणि मारून झाल्यावर स्वतःच उपाशी झोपायची. वेलदोडा घातलेला चहा कुणाकडे तरी पिऊन आली तर आठवडाभर त्याचंच कौतुक. मला ती आवडायलाच लागली, सांगते ना. माझ्यासारखी तापट बाई आमच्या घराण्यात आधीच होऊन गेली होती, आणि मला वाटायचं मीच एक.

एका सकाळी मी सहज विचारलं, “मामा, दिसायला कशी होती हो ती?”

मी वळून बघितलं. ते शर्टाचं बटण चाचपत होते.

“ते त्या पानांतसुदिक नव्हतं,” ते म्हणाले.

“का?”

“आठवत न्हाई, पोरी. तोंडच आठवत न्हाई. बायकोला बी कधी सांगितलं न्हाई मी. म्हटलं, लिहीत गेलो तर लिहिता लिहिता एक दिवस दिसंल. एकशे बारा पानं झाली, पण तिनं काय वळून बघितलं न्हाई.”

कीबोर्डवरची बोटं तशीच राहिली.

“मागनं सांगू का?” मामांनी विचारलं. “मागनं लई चांगली आठवते. खाणीवर जाताना मी मागं असायचो.”

“सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. “अंबाडा. सैल, बाजूला कललेला. त्यावर चुंबळ. चोळीला पाठीवर निळं ठिगळ, टाका मावशीचा. मान सावळी, कानामागं एक तीळ. टाचा फुटलेल्या, त्यात खडीची पांढरी भुकटी भरलेली. लई भराभर चालायची. मला पळावं लागायचं.”

“हळू सांगा, मामा,” मी म्हटलं. “मला सगळं लिहायचंय.”