आतल्या खोलीतले साहेब

सासूबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला सासऱ्यांनी एक फिल्म केली होती. निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटरवर व्हिडिओ कापायला आणि जोडायला शिकले होते. आपल्या मेहुण्याकडून आणि मेहुणीकडून, म्हणजे उदगीरच्या मोठ्या मामांकडून आणि परभणीच्या मावशींकडून, त्यांनी मोबाइलवर गुपचूप क्लिपा मागवल्या. बायकोबद्दल काहीही बोला, एवढीच अट. दोन महिने ते आपल्या खोलीचं दार लोटून हेडफोन लावून बसायचे. सासूबाईंना वाटायचं, म्हातारा शेअरबाजाराच्या नादी लागला.

वाढदिवसाच्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. सासरे सकाळीच स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हळूच म्हणाले, "बेटा, फिल्म तयार आहे. फक्त हॉलमधल्या लॅपटॉपवर टाकून दे."

विद्यानगरच्या आमच्या घरात हॉलमधला लॅपटॉप टीव्हीला जोडलेला असतो. सासऱ्यांचा जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मध्ये एक भिंत. पण त्या कॉम्प्युटरची पेनड्राइव्ह लावायची जागा सैल झालेली होती. फाइल अर्धी जायची आणि पेनड्राइव्ह गायब व्हायचा. दोनदा करून पाहिलं. मग सासरेच म्हणाले, "घरातल्या घरात सामान हलवायला टेम्पो कशाला? दोन्ही मशीन एकाच वायफायवर आहेत. फोल्डर शेअर करू."

ऐकायला सोपं वाटलं. त्यांनी आत फोल्डर शेअर केलं, मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडला. नेटवर्कच्या खिडकीत काहीच नाही. पांढरीशुभ्र.

अडचण अशी की, सासूबाई माझ्यासमोरच दिवाणावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांना काही कळू द्यायचं नव्हतं. म्हणून सासरे आतून मला फोन करायचे आणि मी ऑफिसचा फोन असल्यासारखी बोलायचे.

"दिसलं का?" सासरे कुजबुजले.

"नाही सर."

"शेअरिंग चालू कर तुझ्याकडचं. सेटिंगमध्ये बघ, नेटवर्क पब्लिक केलंय का कोणी?"

"हो सर. बदलते सर."

बदललं. लॅपटॉप बंद करून चालू केला. तरी खिडकी रिकामी. मी बाल्कनीत जाऊन नवऱ्याला कुकटपल्लीच्या ऑफिसात फोन लावला. तो म्हणाला, "राउटर बंद करून चालू करा," आणि मीटिंगला गेला. आम्ही राउटर बंद करून चालू केला. सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"काय गं तुझा साहेब! सुट्टीच्या दिवशी पण माणसाला परेशान करतो. दे इकडं फोन, मी बोलते."

"नको नको, आई! चांगले आहेत हो ते."

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. साहेबांना हसू आवरत नव्हतं.

मग आम्ही दोन्ही मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते काढून पाहायचं ठरवलं. सासऱ्यांनी आतून आकडे वाचून दाखवले, मी माझ्या समोरचे पाहिले. सुरुवात सारखी होती, मधला एक आकडा वेगळा होता. मी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा तेच. एकाच घरातली दोन मशीन, पण पत्ते दोन गल्ल्यांचे. मग मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायचं नाव नीट वाचलं. लांबलचक, कंपनीनं दिलेलं नाव. राउटरच्या पाठीवर चिकटवलेल्या नावाशी ताडून पाहिलं, तर शेवटची दोन अक्षरं निराळी.

हे कोणाचं वायफाय? लॅपटॉप घरात सगळेच वापरत असले तरी सासूबाई सगळ्यात जास्त वापरायच्या, रेसिपी बघायला. त्यांनाच विचारणं भाग होतं. मी जमेल तितक्या सहजपणे विचारलं, "आई, या लॅपटॉपचं वायफाय कधी बदललं होतं का हो?"

"हौ," त्या मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या. "उन्हाळ्यात आपलं नेट बंद पडलं होतं ना, तेव्हा वरच्या आंटीचा पासवर्ड आणून मीच घातला. तेव्हापासून कसं झकास चालतंय!"

म्हणजे इतके महिने आमचा लॅपटॉप वरच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारणीच्या नेटवर नांदत होता आणि आम्ही आमच्याच राउटरला दोष देत होतो. मी जिन्यानं वर जाऊन आंटींना सगळं सांगितलं, फिल्मचंही. त्या दाराला टेकून हसत राहिल्या. "अरे, तो क्या हुआ जी! मेरा नेट, तुम्हारा नेट. पिक्चर कितने बजे है?"

खाली येऊन मी लॅपटॉप आपल्या वायफायवर आणला. खिडकीत सासऱ्यांचं मशीन उगवलं! मी जवळजवळ ओरडलेच. पण त्यावर क्लिक केलं तर पासवर्ड मागू लागलं आणि सासऱ्यांच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता. बिनपासवर्डाच्या खात्यात ते बाहेरच्या मशीनला शिरू देत नाही, हे शोधायला आणखी थोडा वेळ गेला. शेवटी मी पाण्याचा ग्लास घेऊन आत गेले आणि म्हटलं, "बाबा, काहीतरी पासवर्ड ठेवा. लक्षात राहील असा."

त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. सासूबाईंचं माहेरचं नाव. लग्नात बदललेलं, मी फक्त जुन्या कागदांवर पाहिलेलं, या घरात कधीच कोणाच्या तोंडून न ऐकलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी हॉलमध्ये येऊन तेच नाव टाइप केलं. फोल्डर उघडलं. हिरवी पट्टी सरकायला लागली आणि मला उगाचच भरून आलं.

"गेला का साहेब?" सासूबाईंनी विचारलं.

"गेला एकदाचा."

संध्याकाळी नवरा आला, आंटी पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, घेऊन उतरल्या. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टीव्हीवर आधी उदगीरचं घर दिसलं, मग मोठे मामा. सासूबाईंनी "अगो बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

मामा म्हणाले, "हिनं माझी सायकल चोरून नेली आणि बाजारात टमाट्याच्या ढिगात घातली. मार मात्र मला बसला."

"खोटं!" सासूबाई उभ्या राहिल्या. "साफ खोटं! थांबवा ते!"

सासऱ्यांनी फिल्म थांबवली. सासूबाईंनी टीव्हीतल्या मामांकडे बोट रोखून साक्ष दिली. सायकल मामाच चालवत होते, त्या मागे बसल्या होत्या, आणि टमाटे नव्हतेच, वांगी होती. आंटींना मराठी येत नाही, पण त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. फिल्म पुढे सरकली तर परभणीच्या मावशी आल्या आणि त्यांनी शपथेवर सांगितलं, टमाटेच होते.

"सगळे फितूर!" सासूबाई म्हणाल्या. "लाव गं फोन दादाला."

मी उदगीरला फोन लावून स्पीकर चालू केला. मामांना कमी ऐकू येतं. दोघं एकाच वेळी मोठमोठ्यानं बोलत राहिले. आम्ही पुलिहोरा ताटलीत घेऊन ऐकत बसलो. सासरे खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून हसत होते.

शेवटी मामा दमले. "बरं बाई, तूच खरी. वांगी तर वांगी. पण मार मीच खाल्ला ना?"

सासूबाई हसत, पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "खाल्लास रे दादा. कधी येतोस? भरली वांगी करते."