शेवंताच्या घरची वही

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही – आणि ज्या मुलींना मी बावीस वर्षं शिकवलं, त्यांना तर उलटंच सांगितलं. तुम्हाला का सांगतेय? ते मलाही नीटसं माहीत नाही.

माझ्या विद्यार्थिनींना विचारलंत, तर माझा एक धडा त्या हमखास सांगतील. बाईला तिच्या तब्येतीचं विचारायचं ते एकटीला गाठून, आणि ती जे बोलेल ते घरातल्या पुरुषासमोर तोंडातून काढायचं नाही. आमच्या तुकडीतल्या एका मुलीनं ही चूक केली होती, असं मी सांगायचे. मुली हळहळायच्या. कसली बिनडोक असेल ती, म्हणायच्या. मीही मान डोलवायचे – इतका निर्लज्जपणा माणसात येतो कुठून?

ती मुलगी मीच.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि मी एकोणीस वर्षांची, नर्स-दाईचं शिक्षण घेत होते. डोणगावच्या बाजूच्या एका खेड्यात आम्हा प्रत्येकीला एकेक घर नेमून दिलं होतं. आठ दिवस रोज जायचं. घरात कोण किती जेवतं, बायका कधी जेवतात, आजारपणात कोणाला दवाखान्यात नेतात आणि कोणाला नाही, ते सगळं वहीत उतरवायचं. शेवटी घरच्या कर्त्या पुरुषाचा अंगठा घ्यायचा. मुली खोलीवर बसून मनचं लिहितात, असा आमच्या बाईंना संशय होता.

माझ्या वाट्याच्या घरची सून शेवंता. सहावा महिना चालू होता, आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तिच्या वाट्याला अर्धी भाकर यायची. तीन दिवस ती माझ्याशी धड बोललीच नाही. चौथ्या दिवशी भांडी घासता घासता तिनं सांगून टाकलं – आधीचं मूल ती पाय घसरून पडल्यानं गेलं नव्हतं, नवऱ्यानं तिच्या पोटात लाथ घातली होती.

"कोणालेच सांगू नका बाई," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. आणि तिच्यासमोरच ते शब्दन्शब्द लिहून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. मी भाकरीचंच लिहितेय असं तिला वाटलं असणार.

आठव्या दिवशी सकाळी अंगठा घ्यायला गेले. ओसरीवर तिचा नवरा आणि दोन शेजारी बसले होते. एवढीशी पोर काय लिहिणार, वाचून तर दाखव, असं तो म्हणाला. मी वाचायला लागले तर तिघेही फिदीफिदी हसायला लागले. माझं डोकं फिरलं. ते पान मला उलटता आलं असतं – हे मुद्दाम सांगते, कारण ओघात वाचलं गेलं, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. ओघात कसलं? मला त्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. मी ते वाक्य खड्या आवाजात वाचलं.

तो उठला तो थेट चुलीपाशी. शेवंता पीठ मळत होती.

"काऊन वं, घरातलं बाहेर सांगून राह्यली?"

त्यानं लोखंडी फुंकणी उचलली. पहिलाच तडाखा मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला. परात कलंडली. केसाला धरून त्यानं तिला फरफटत बाहेर आणलं. पाठीत, मानेत, कमरेत. ती दोन्ही हातांनी पोट झाकत होती, मोडलेल्या हातानंसुद्धा. म्हणून तो त्या हातांवरच मारत राहिला. शेजारी केव्हाच उठून गेले होते. आणि मी? मी भिंतीला टेकून उभी होते. ओरडले नाही, मध्ये पडले नाही, पळालेही नाही. वही छातीशी धरली होती – ती चुरगळू नये म्हणून.

दमल्यावर त्यानं फुंकणी टाकली. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, अंगठा कुठं लावायचा ते विचारलं. मी शाईची डबी उघडली. त्याच्या बोटांना तिच्या केसांतलं पीठ लागलं होतं, ठसा पुसट आला.

"नीट उमटला नाही," मी म्हणाले. "परत लावा."

शेवंता जमिनीवरून माझ्याकडे बघत होती.

"झालं का बाई तुमचं?"

मी हो म्हटलं. खांद्याला पिशवी होती, पिशवीत पट्ट्या होत्या, मोडलेलं हाड बांधायला मी शिकले होते. तिला हातही न लावता मी निघाले.

चार दिवसांनी तिचं मूल गेलं आणि दुसऱ्या दिवशी ती. गावच्या सुईणीनं येऊन सांगितलं तेव्हा मी जेवत होते. मी जेवण पूर्ण केलं. माझ्या वहीला पहिला नंबर मिळाला. बाईंनी ती वर्गात फिरवली – घरी जाऊन घेतलेला अंगठा असा असतो, म्हणाल्या.

वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर दोन अंगठे आहेत. एक पुसट आहे. दुसरा मी मागून घेतला.