गावातलं गावात मिटवू

साळवेसाहेब दुपारचं सँडविच कधी ऑफिसात खात नसत. सकाळी पोलिसांकडून आलेल्या फायलींतला एखादा पत्ता चिठोऱ्यावर उतरवून घ्यायचे, लसणाची चटणी लावलेलं सँडविच कोटाच्या खिशात घालायचे आणि गुन्हा जिथं घडला तिथं जाऊन ते उभ्याउभ्या खायचे. कधी पबमागची गल्ली, कधी बस डेपोचं कुंपण. परत आले की म्हणायचे, "वैशाली, लिही. त्या गल्लीत दिवाच नाही. आणि हा कॉन्स्टेबल म्हणतो, वीस पावलांवरून चेहरा ओळखला. घुबड आहे का तो?"

मी तेव्हा लग्न होऊन इंग्लंडात मेडनहेडला आले होते आणि जवळच्या एका लहान गावात सॉलिसिटरच्या फर्ममध्ये टायपिस्ट म्हणून लागले होते. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. त्या काळी पोलीसच माणूस पकडायचे आणि खटला भरायचा की नाही हेही तेच ठरवायचे. मारामारी, फोडलेली काच, दुकानातली उचलेगिरी असल्या किरकोळ केसेस गावच्या कोर्टात मांडायचं काम ते आमच्या फर्मला देत, आणि फर्म ते साळवेसाहेबांना देई. पन्नाशीचे, सातारा जिल्ह्यातले, लंडनला शिकून इथंच राहिलेले. मराठी माणूस भेटला की "जय भीम" म्हणत आणि समोरचा काय उत्तर देतो ते नीट ऐकत.

एकदा एका गॅरेजवाल्यानं बसच्या कंडक्टरला भररस्त्यात ठोसा मारला. कंडक्टर जमैकाचा होता. ओठाला चार टाके पडले होते, साक्षीदार तिघे होते. साहेबांनी केस तयार केली. सुनावणीच्या आदल्या दिवशी इन्स्पेक्टर आला, टेबलाच्या कडेवर बसला आणि फाईल मागून घेऊन गेला. "चांगल्या घरातला माणूस आहे तो, मिस्टर साळवे. समज दिली आहे. इट्स अ लोकल मॅटर."

तो गेल्यावर साहेब बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसले. मग म्हणाले, "माझ्या बापाला विहिरीच्या पाण्यावरून मारलं, तेव्हा आमचा पाटील हेच म्हणाला होता. 'गावातलं गावात मिटवू.' अगं, गाव ते गावच. तिथलं असो की इथलं. जो मारतो त्याचा तिथं मामा असतो."

"पण तुम्ही वकील आहात ना? नाही म्हणा की."

"पोलीस माझे अशील. अशील नको म्हणाला की वकिलाचं तोंड बंद."

म्हणून दोन-तीन वर्षांनी सरकारनं कायदा बदलला, खटल्याचा निर्णय पोलिसांकडून काढून स्वतंत्र वकिलांच्या नव्या खात्याकडे दिला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद साळवेसाहेबांना झाला. लंडनमधल्या हॅरोहून खोकाभर बर्फी आणून त्यांनी साऱ्या ऑफिसला वाटली. नव्या खात्यात अर्ज करणारेही ते पहिलेच. त्यांच्यामागोमाग मीही गेले. ऑफिस काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुख्य गावात, वीस मैलांवर. "आता इन्स्पेक्टर कुणाच्या टेबलावर बसतो बघू," ते म्हणाले.

टेबलावर कुणी बसेना हे खरं. पण दारातही कुणी येईना. फायली व्हॅननं यायच्या आणि व्हॅननं जायच्या. आमच्या गावची फाईल कुणा तिसऱ्याच्याच ट्रेमध्ये पडायची आणि साहेबांच्या ट्रेमध्ये त्यांनी कधी न पाहिलेल्या गावांच्या फायली. वीस मैलांवरच्या गल्लीत दुपारच्या सुटीत जाता येत नाही.

आमच्या त्या गावात शहाबेन नावाच्या विधवेचं पेपरचं दुकान होतं. एक माणूस सहा महिने तिच्या लेटरबॉक्समधून घाण टाकत होता. तीनदा काच फोडली. तिसऱ्यांदा शेजारच्या न्हाव्यानं त्याला दगडासकट पाहिलं. केस कोर्टात आली आणि त्या दिवशीच्या कोर्टाची ड्यूटी नेमकी साहेबांची होती. सकाळी त्यांनी फाईल उघडली, तर वर खात्यातल्या दुसऱ्या वकिलाची चिठ्ठी : नुकसान किरकोळ, काचेचे पैसे आरोपीनं भरले, खटला चालवण्यात सार्वजनिक हित नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं तीन काचांमधली एकच मोजली होती. आधीच्या दोन तक्रारी पोलिसांनी फायलीत लावल्याच नव्हत्या.

साहेबांनी कोर्टातून ऑफिसला फोन केला. मी शेजारीच उभी होते. "मी या बाईंना ओळखतो," ते सांगत होते. पलीकडून उत्तर आलं की नेमकं म्हणूनच हा निर्णय दुसऱ्यानं घेतलेला बरा.

शहाबेन दुकान बंद करून, ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. साळवेसाहेब उठले आणि पुरावा सादर करायचा नसल्याचं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. दोन मिनिटांत सगळं संपलं. आरोपी शीळ घालत बाहेर पडला.

बाहेर शहाबेननी त्यांना गाठलं. "भाई, आप तो मुझे जानते हो ना?"

साहेबांनी फाईल बॅगेत घातली आणि ऑफिसची वाट धरली.

त्यानंतर त्यांनी वरिष्ठांना चार पानी पत्र लिहिलं. मीच टाइप केलं. निर्णय काउंटीत घ्या, पण आधी कुणीतरी गावात जाऊन तक्रारदाराचं दार ठोठावा, एवढंच त्याचं सार. एका ओळीचं उत्तर आलं : पत्राची नोंद घेतली आहे. मग ते शनिवारी आपल्या गाडीनं स्वतःच तक्रारदारांकडे जाऊ लागले. वकिलानं साक्षीदाराशी असं जाऊन बोलायचं नाही, असा नियम. ताकीद मिळाली. दुसऱ्यांदा मिळाली. तिसरी मिळायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला.

"गावात होतो तेव्हा लोक ओळखीचे म्हणून न्याय नाही," टेबल आवरताना ते फणकारले, "आणि इथं ओळखीचं कुणी नाही म्हणून न्याय नाही. माणसानं उभं राहायचं तरी कुठं?"

नव्वदच्या दशकात ते गावचं कोर्टही बंद झालं. शहाबेन दुकान विकून लेस्टरला मुलीकडे गेल्या. मी मात्र खात्यातच राहिले, टायपिस्टची केसवर्कर, म्हणजे वकिलांच्या हाताखाली केसेस सांभाळणारी, झाले. एकदा एका बसड्रायव्हरच्या तोंडावर थुंकल्याची केस ड्रॉप झाली. त्याला पाठवायचं पत्र माझ्यासमोर होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि त्याला फोन केला. काय झालं, का झालं, सगळं सांगितलं. तो मला खूप बोलला. मग म्हणाला, निदान तुम्ही फोन तरी केलात.

साळवेसाहेब तेव्हा हॅरोच्या घरी अंथरुणाला खिळले होते. हृदय थकलं होतं. त्यांना बरं वाटेल म्हणून मी मुद्दाम जाऊन ही हकीकत सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"पण केस बंदच झाली ना?"

"हो साहेब."

"मग मला काय सांगतेस?" असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

त्यांच्या पत्नीनं चहा आणला, तो घेतला आणि मी निघाले. पुढच्याच आठवड्यात ते गेले. त्यानंतर मी तसे बरेच फोन केले, पण केस बंदच झालेली असायची, म्हणून कुणाचे आभार कधी स्वतःकडे घेतले नाहीत.