दुपारचं प्रॅक्टिकल

हे लिहायचं तीन आठवडे टाळत होतो. रोज मोबाईल उघडायचो, दोन ओळी लिहायचो आणि दुसरंच काहीतरी बघत बसायचो... आज सकाळपासून जालन्यातल्या एका कॉलेजच्या पायऱ्यांवर नुसताच बसलोय, म्हणून लिहितो.

माझी मावसबहीण मनीषाताई इथे शिकवते. कपाशीचं बियाणं कसं तयार करायचं, याचा नवा सर्टिफिकेट कोर्स सुरू व्हावा म्हणून दोन वर्षं ती विद्यापीठात खेटे घालतेय. आज मंजुरीची कमिटी आलीये. या खेपेला नाही म्हणाले तर फाईल कायमची बंद.

तर तीन आठवड्यांपूर्वी ताईने मला धावडा गावी पाठवलं. "तू तसाही रिकामा भटकतोस. क्रॉसिंगच्या बायांकडून त्यांच्या कामाच्या माहितीचे हे फॉर्म भरून आण." मी बी.ए. अर्धवट सोडलेला माणूस, विद्यापीठाचे फॉर्म घेऊन निघालो! वाटेत भोकरदनच्या बाजारात म्हशी बघण्यात दोन तास गेले, ते जाऊ द्या.

त्यामुळे शेतावर पोचायला संध्याकाळ झाली. बाया कपाशीच्या कळ्या नखाने सोलून त्यावर खुणेचा लाल कागद लावत होत्या. संध्याकाळी कळी सोलायची, सकाळी तिच्यावर दुसऱ्या वाणाचं फूल घासायचं... झालं क्रॉसिंग. मी पाच कळ्या मोडल्या.

"दाखव हात," टोळीच्या प्रमुख कांतामावशी म्हणाल्या. "हे मोबाईलचे हात हायेत. राहू दे."

मग मी ताईचा अभ्यासक्रम वाचून दाखवला. प्रॅक्टिकल, दुपारी बारा ते दोन... सगळ्या बाया हसायला लागल्या. कांतामावशी म्हणाल्या,

"दुपारी काय शिकवून राह्यले? ऊन चढलं की फुलातली पावडर बिलकुल कामाची न्हाई. तुमच्या म्याडमला सांग, फूल कॉलेजच्या घंटीवर उमलत नसतं."

ताईला फोन केला. ती म्हणाली, "तीन मीटिंगा झाल्या रे या टाइमटेबलवर... कोणीच शेतात गेलं नाही. मी पण नाही."

तिने सगळं बदललं. प्रॅक्टिकल संध्याकाळी आणि सकाळी, शिकवायला कांतामावशी. पण मावशींनी साफ नाही म्हटलं. "मी चौथी नापास, अन् मला मास्तरीण करता? लोकं हसतील मंग."

आत्ता आत तोच प्रश्न चाललाय. प्रॅक्टिकल कोण शिकवणार? खिडकीतून ताईचा आवाज येतोय, बारीक झालेला. मी कॉलेज सोडलं तेव्हा मागे काही सोडून जातोय असं वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा आत काय होतंय याची काळजी वाटतेय...

थांबा. गेटवर काळी-पिवळी जीप थांबलीये... कांतामावशी उतरल्यात! आजच्या कामाचा खाडा करून, एवढ्या लांबून. हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी.

"काल सोललेल्या कळ्या अन् आज उमललेली फुलं हायेत," मला बघताच म्हणाल्या. "खोली कोणती, जल्दी सांग. फूल थांबत न्हाई."