लाइट गेल्यावरचा आवाज

अनूला ऐकू येतं की नाही, या एका प्रश्नाने त्या वर्षी माझी झोप उडवली होती. तीन वर्षांची झाली तरी पोरगी दोन-चार शब्दांपुढे जाईना. डॉक्टरांनी ठाण्याला जाऊन कान तपासून घ्यायला सांगितलं होतं, सोमवारची वेळही मिळाली होती. आमचं घर भिवंडीत आणि भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे दिवसरात्र खडखडणाऱ्या यंत्रमागांचा कारखाना. गरोदरपणाचे नऊ महिने मी त्याच भिंतीला टेकून काढलेले. दोष माझाच, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. बी.एस्सी. झालेल्या बाईला काळजीची कारणंसुद्धा शास्त्रीय सापडतात!

आणि खाली आमचं दुकान कसलं, तर चांगल्या आवाजाचं! माझा नवरा सुहास लोकांना कॉम्प्युटर, नेट, स्पीकर बसवून द्यायचा. अशा दुकानातले किस्से पंख्यावर सुताचे तंतू बसावेत तसे बसत जातात. झटकायला घेतले की कळतं, किती झालेत.

*

शेजारच्या कारखान्याचे मालक गफूरचाचा. नेटवरच्या कव्वाल्या ऐकायला त्यांना मोठे स्पीकर हवे होते.

सुहास म्हणाला, "चाचा, स्पीकर नंतर. आधी व्हिडिओखालचं 'हाय क्वालिटी' दाबायचं. नेटवरूनच फाटका आवाज आला, तर मोठा स्पीकर फाटकाच मोठा करणार!"

त्याने बटण दाबलं, कव्वाली पूर्ण लोड होऊ दिली, मग लावली. चाचा डोळे मिटून बसले. कव्वाली अर्धी झाली तेव्हा सुहासने विचारलं, "साफ आहे ना?"

"साफ होगी बेटा," चाचा म्हणाले, "पर शुरू कब करेगा?"

चाळीस वर्षं लूममध्ये गेलेली. सुहास हसला. मी हसले नाही. तशीच वर गेले आणि अनूच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवली.

*

अनू वळली नाही. मग मी स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. तरी नाही! तेवढ्यात लक्षात आलं, शेजारी तांदूळ निवडणाऱ्या सासूबाईही वळल्या नव्हत्या.

"आई, तुम्हाला ताट ऐकू आलं नाही?"

सासूबाई खारबावच्या, बोली आगरी. मान न उचलता म्हणाल्या, "आला की. तुज्या हातशी रोज काय ना काय पडतंच हाय. दर टायमाला वलून बघाचा का?"

*

या सासूबाईंना एकदा सुहासने नेटवरचं कीर्तन लावून दिलं. लाइन स्लो, क्वालिटी मोठी. बुवा हात वर करून, डोळे मिटून जे थांबले ते थांबलेच. स्क्रीनवर चक्र फिरतंय. दहा मिनिटांनी मी माउसकडे हात नेला, तर सासूबाईंनी तो धरला.

"हात लावू नको. समादी लागली हाय त्याना."

*

आमच्या दुकानाची खरी अडचण मात्र वेगळीच. लाइट असली की लूम चालू, मग बारीक आवाज कुणाला कळणार? लूम थांबावेत तर लोडशेडिंग, म्हणजे कॉम्प्युटरही बंद! यावर सुहासने तोड काढली. लाइट असताना गाणं पूर्ण लोड करून ठेवायचं. लाइट गेली, गल्ली गप्प झाली, की यूपीएसवर वाजवायचं. बॅटरी दहा मिनिटं टिकायची. गिऱ्हाईकं त्या दहा मिनिटांसाठी वेळेवर येऊन बसत. डेमो म्हणजे लोडशेडिंग, हे आमच्या गल्लीत ठरूनच गेलं होतं.

अशाच एका दुपारी रामसूरत आला. चाचांच्या कारखान्यातला जुना कारागीर. त्याच्या गावाकडचं एक लग्नगीत तो लूमवर रोज मोबाइलवर लावायचा. सुहासने तेच गीत हेडफोनवर ऐकवलं.

मध्येच त्याने हेडफोन काढून हातात धरला. माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभी, इसमें पीछे औरतें भी गा रही हैं. मुझे मालूमच नहीं था."

मग पुन्हा कानाला लावला. बॅटरी संपली, तरी काढला नाही.

*

ठाण्याला जायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. घरात आम्ही निम्मं बोलणं कारागिरांसारखं हातांनीच करायचो, उरलेलं ओरडून. त्या दुपारी सुहासने एक अंगाईगीत लोड करून ठेवलं होतं. कुणी बाई, एकटीच, वाद्यांशिवाय गाणारी. लाइट गेली. एकेक करत लूम थांबले. सुहासने आवाज अगदी बारीक केला आणि अनूला मांडीवर घेऊन हेडफोन घातला. तिच्या कानांना तो इतका मोठा, की सुहासला तो दोन्ही बाजूंनी हातांनी धरून ठेवावा लागला.

अनू हलेना. डोळेसुद्धा हलेनात. मी समोर गुडघ्यांवर बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझ्याने राहवेना.

"अनू! ऐकू येतंय का गं?" मी सवयीने ओरडलेच.

अनूने माझ्या तोंडावर तळहात ठेवला.

"आई, तू गप," ती म्हणाली. "मावशी हळू गाते."