एका ओळीत नळदुर्ग

अणदूरच्या अंगणवाडीतल्या महानंदानं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिली कथा लिहिली, ती आपल्या आईची. सोलापूरच्या एका दिवाळी अंकाकडं पाठवली, आणि महिन्याभरात ती साभार परत आली. सोबत संपादकांची चिठ्ठी होती, ‘भाषा चांगली आहे. पण जिथं थांबायला हवं तिथं तुम्ही पळता, आणि पळायला हवं तिथं रेंगाळता.’

महानंदाला काही उमगेना. दोन दिवस तिनं कागदांना हात लावला नाही. तिसऱ्या दुपारी ती कागद घेऊन शेजारच्या दगडाबाईकडं गेली. दगडाबाई तिच्या आईची, कमलबाईची, जिवाभावाची मैत्रीण. वय ऐंशीकडं झुकलेलं, अक्षरओळख नाही. शेंगा फोडत ती ऐकायला बसली.

येरमाळ्याच्या यात्रेचीच अकरा पानं होती. तेवढ्यात म्हातारीला दोनदा डुलकी लागली. मग महानंदानं वाचलं, ‘भुईमुगाच्या रानात आईच्या हाताला साप चावला. बैलगाडीतून नळदुर्गच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.’

दगडाबाईचे हात थांबले.

“आन् म्होरं?”

“म्होरं माझी शाळा.”

“अगं, मीबी व्हते की त्या गाडीत! दोन तास लागले आपल्याला. तू एका वळीत नळदुर्ग गाठलंस व्हय?”

महानंदानं कागद खाली ठेवले. “बारा वर्षांची होते मावशी. ते लिहायला बसलं की हात कापतो.”

“कापू दे की. काय काय आठवतंय, सांग बरं.”

महानंदा सांगत गेली. आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ओढ्यात बैल अडून बसले. आई मधेच विचारायची, ‘शेळी बांधलीस का गं?’

“तिचा हात लई सुजला,” दगडाबाई म्हणाली, “म्हनून म्या बांगड्या फोडाय लागले. तर म्हनली, यात्रंतल्या हायत्या, जपून काढ.”

हे महानंदाच्या आठवणीतून पार निसटलं होतं.

घरी येऊन तिनं सगळी पानं फरशीवर मांडली आणि कात्री घेतली. यात्रेतलं कासाराचं बांगड्यांचं दुकान तेवढं ठेवलं, बाकी दहा पानं काढून टाकली. दुकानामागं लगेच बैलगाडी आली. ती सहा पानं चालली. दहावा, तेरावा, पाहुण्यांची वर्दळ, सगळं गाळलं. पुढं थेट शाळेची सकाळ, आणि बापानं घातलेली वाकडी वेणी.

पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा दगडाबाईला डुलकी लागली नाही. गाडी चालू होती तोवर ती पदराचं टोक धरून बसली होती. वेणी आली तशी डोळे पुसत हसली. “तुझ्या बापाला जनमभर येणी घालता आली न्हाय बग!”

कथा पुन्हा सोलापूरला गेली. या खेपेला संपादकांचा फोन आला. कथा घेतली होती.

महानंदा आता दुसरी लिहितेय. जो प्रसंग लिहायची सगळ्यात जास्त भीती वाटत होती, तोच तिनं आधी लिहायला घेतलाय.