मागच्या रस्त्याने गेलेलं वजन

मोठ्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर ती तपासनीस म्हणून रुजू झाली, तेव्हा तिथल्या जुन्या कारकुनाने पहिल्याच दिवशी तिला शहाणपण शिकवलं.

"बाई, काटा हा देवासारखा असतो. नुसता असला की पुरे. तो खरंच काही करायला लागला तर लोकांची पंचाईत होते."

ती हसली नाही. तिला वाटलं, हा गंमत करतोय. दोन-चार दिवसांत कळलं की तो नियम सांगत होता. लॉरी लोखंडी फळीवर चढायची, खोलीतल्या पडद्यावर आकडा उमटायचा आणि आकड्याकडे न बघता सगळे ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचे. ओळखीचा चेहरा असला की हात वर. मग कामही दिसायला हवं म्हणून एखाद्या भाजीच्या टेंपोला बाजूला घ्यायचे, आणि त्या गरिबाला दोन पोती जास्त झाली म्हणून उन्हात उभं करायचे.

तिचा बाप लॉरीच चालवायचा. मालकाने एकदा इतका माल भरला की लॉरीच्या स्प्रिंगांचे पाटे उलटे वाकले. त्या सकाळी ती लॉरी काट्यावरून बिनबोभाट पास झाली आणि दुपारी उतारावर ब्रेक लागेनात. बाप वाचला, पण उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. मालकाने नवा ड्रायव्हर ठेवला. पुढे कितीतरी वर्षं जेवताना बाप मधेच म्हणायचा, "काट्यावर एका माणसाने नाही म्हटलं असतं तर आज पाय असता." म्हणायचा तोही रागाने नाही, पाऊस पडला असता तर पीक आलं असतं, अशा थाटात. ते ऐकत ऐकतच ती मोठी झाली. नोकरीसाठी अर्ज करताना तिच्या डोक्यात पगार होताच, पण हे वाक्यही होतं.

म्हणून तिच्या काट्यावर एकच रीत झाली. जादा माल असेल तो इथेच उतरवा, मग पुढे जा. ड्रायव्हर गयावया करायचे, कुणाची आई आजारी असायची, कुणाच्या बहिणीचं लग्न अडलेलं असायचं.

"बाई, थोडासाच तर जास्त आहे."

"मग थोडासाच उतरवा."

तिचं नाव पडलं 'खिळा'. समोरून येणाऱ्याला दिवे मिचकावून सांगायचे, पुढे खिळा आहे, टायर सांभाळ. तिच्या कानावर ते आलं. सुट्टीत घरी जाऊन बापाला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "नाव चांगलं आहे," तो म्हणाला. "मोडू नको."

मग एके दिवशी खाणीचा मालक स्वतः आला. रस्त्यावरून जाणारी निम्मी खडी त्याचीच. माणूस गोड. खुर्ची रुमालाने पुसून बसला, खोलीत पंखा नाही म्हणून हळहळला.

"तुमच्यासारखी माणसं हवीत हो," तो म्हणाला. "पण जरा वाकायला शिकावं. ताठ झाड वाऱ्यात मोडतं."

"साहेब, माल कमी भरा. झाडाची काळजी झाड घेईल."

तो हसतच उठला. ते हसू तिला पराभवाचं वाटलं. आठवडाभरात त्याच्या लॉऱ्या काट्यावर दिसेनाशा झाल्या. दुसऱ्यांच्या आल्या त्याही मापात. कारकून दुपारी पेंगायला लागला. तिला वाटलं, जिंकलो आपण. घरी न सांगता तिने स्वतःसाठी चांगल्या चपला घेतल्या, इतकी ती खूष होती.

चार दिवसांनी भावाचा फोन आला.

"तुझी गिऱ्हाइकं आमच्याकडे यायला लागलीत," तो म्हणाला.

"कोण गिऱ्हाइकं?"

"ये आणि बघ."

काट्याच्या अलीकडे एक जुना रस्ता फुटायचा, टेकडीला वळसा घालायचा आणि पलीकडे पुन्हा मोठ्या रस्त्याला मिळायचा. सायकली आणि हातगाड्यांच्या रुंदीचा. त्याच रस्त्यावर तिच्या बापाचं घर होतं. पुढे भावाचं काचेचं दुकान, मागे दोन खोल्या. भाऊ काचेची मापं घ्यायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, पण कापणारा हात वहिनीचा. मोठ्या टेबलावर काच पसरून ती पट्टीला लावून हिऱ्याची कलम एकदाच ओढायची, मग हलकेच दाबायची, आणि काच सुरीने लोणी कापावं तशी वेगळी व्हायची. लांबून लोक तिच्याकडे आरसे कापून घ्यायला यायचे.

आपल्या सुट्टीच्या दिवशी ती भावाकडे गेली. दुकानात शिरून बसते न बसते तोच भिंतीला टेकलेल्या काचा किणकिणायला लागल्या. आधी बारीक, मग दात वाजावेत तशा. वहिनीने कलम उचलून धरली आणि थांबली. दारासमोरून खडीची लॉरी गेली, इतक्या जवळून की दुकानात क्षणभर अंधार झाला. पुन्हा उजेड आला तरी काचा वाजतच होत्या.

"असं दिवसभर," वहिनी म्हणाली. "रेघ मारायला गेलं की रेघ पळते. सकाळपासून दोन काचा वाया."

भावाने भिंतीतली भेग दाखवली. त्यात बोट जात होतं. "दादा, मी वर लिहिते," ती म्हणाली.

"लिहू नको. जरा ढील दे. दोन-चार गाड्या सोड, म्हणजे बाकीच्या आपोआप तिकडे वळतील."

"ढील? दादा, बाबांचा पाय..."

"बाबांचा गेला तो गेला," भाऊ म्हणाला. "आमचे अजून शाबूत आहेत."

बाप खिडकीशी खुर्चीवर होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने हात लांब करून खिडकी लावून घेतली. ती लावलेली खिडकी परतीच्या वाटेवर तिच्या डोळ्यांसमोर राहिली.

ती खात्यातल्या आपल्या वरच्या साहेबांकडे गेली. साहेबांनी चहा मागवला.

"मागचा रस्ता आपला नाही. तो नगरपालिकेचा."

नगरपालिकेत बांधकामवाले म्हणाले, "रस्ता आमचा आहे हो, वजन आमच्याकडे येत नाही."

"पण साहेब," ती परत येऊन म्हणाली, "आपल्याकडे फिरता काटा आहे. तो नेऊन तिथे ठेवला तर?"

"आहे ना. कुलपात आहे."

"मग काढूया."

"त्याच्यावर सही करणारं पद रिकामं आहे. तुम्ही तुमचा काटा सांभाळा. छान चाललंय तुमचं."

गल्लीने शेवटी स्वतःच काय ते केलं. भावाने आणि शेजाऱ्यांनी रस्त्याच्या तोंडाशी खड्डे खणले, भंगारातून आणलेले रुळाचे दोन तुकडे उभे केले आणि सिमेंट ओतलं. सायकल जाईल, रिक्षा जाईल, लॉरी नाही. दोन दिवस काचा गप्प होत्या. वहिनीने राहिलेली कामं उरकली. भावाने बहिणीला फोन करून सांगितलं, आवाजात जुना खोडकरपणा होता, "सरकारला जमलं नाही ते आम्ही दुपारच्या जेवणाआधी केलं."

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं आली. सोबत पोलीस, लोखंड कापायचं यंत्र, फोटो काढणारा. सार्वजनिक रस्त्यात विनापरवाना अडथळा. इतक्या तत्परतेने त्या गल्लीत आजवर गटारसुद्धा साफ झालं नव्हतं. रूळ मुळाशी कापले आणि भावाच्या हातात नोटीस दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. "कायदा म्हणजे कायदा," मुकादम म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने पाणी मागितलं आणि वहिनीने दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गोष्ट घडली. वहिनीने कापलेला मोठा आरसा गिऱ्हाइकाच्या हातगाडीवर चढवायचा होता. ती आरसा छातीशी धरून पायरी उतरली. त्याच वेळी लॉरी आली. खडी नव्हती, मोठे दगड होते, फाळक्याच्या वरपर्यंत रचलेले, वर ताडपत्री नाही. खड्ड्यात चाक गेलं, हौदा डुलला आणि एक दगड घरंगळला. तो वहिनीच्या खांद्यावर आला. आरसा तिच्या हातातच फुटला आणि उजव्या मनगटात घुसला.

काट्यावर निरोप आला तशी ती गणवेशातच दवाखान्यात धावली. दारात भाऊ उभा होता. सदरा रक्ताने भिजून वाळून कडक झालेला.

"आत येऊ नको," तो म्हणाला.

"दादा, कशी आहे वहिनी?"

"आधी तो ड्रेस काढून ये."

ती पायरीवरच बसली. खालच्या पायरीवर एक माणूस डोकं धरून बसला होता. त्या लॉरीचा ड्रायव्हर. पळाला नव्हता, पोलिसांची वाट बघत होता. त्याने तिला ओळखलं.

"बाई, तुमच्याकडूनच येणार होतो हो," तो म्हणाला. "मालक म्हणाला, काट्यावरून गेलास तर उद्यापासून येऊ नको. मी भरत नाही, मी फक्त चालवतो."

तिला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. मग लक्षात आलं की त्याच्या जागी तिचा बाप असता तर हेच म्हणाला असता, अगदी याच शब्दांत. तिने हात मांडीवर ठेवून दिला.

वहिनीचा खांदा जागेवर बसला, जखम भरली, पण मनगटातल्या शिरा तुटल्या होत्या. बोटं मिटत नव्हती. डॉक्टर म्हणाले, करंगळीला थोडी हालचाल येईल. करंगळीने काय काच कापायची? ड्रायव्हरवर खटला झाला. लॉरी आठवड्यात सुटली आणि दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन त्याच रस्त्याने धावायला लागली.

एका सकाळी ती कामावर जायच्या ऐवजी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. गणवेशात, हात आडवा करून. काटा नाही, हुकूम नाही, काही नाही. पहिली लॉरी थांबली, मागे दुसरी, मग रांगच लागली. भोंगे वाजायला लागले. गल्लीतले लोक दारात आले. कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी शेजारीण पाण्याचा पेला घेऊन आली, तो तिच्या हातात देताना म्हणाली, "बरी आठवण झाली आमची." ती पाणी प्यायली.

दुपारच्या आत साहेबांची जीप आली.

"तुमची हद्द कुठली?"

"साहेब, या गाड्यांकडे बघा एकदा. डोळ्यांना दिसतंय."

"डोळ्यांना दिसतं त्याला वजन म्हणत नाहीत. काट्यावर दिसतं त्याला म्हणतात. बाजूला व्हा."

लॉऱ्या एकेक करून तिच्या समोरून गेल्या. शेवटच्या ड्रायव्हरने जाताना सलाम ठोकला. तिला लेखी ताकीद मिळाली.

वर्ष सरताना मोठ्या कचेरीत बैठक झाली. सगळ्या तपासणी नाक्यांचे आकडे भिंतीवर दाखवले. तिच्या नाक्यावर जादा वजनाच्या गाड्या सगळ्यांत कमी, जवळजवळ नाहीतच. साहेबांनी तिला उभं केलं. ताकीद ते विसरले होते, किंवा त्या दिवशी ती आठवणं त्यांच्या सोयीचं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या काट्यावर जादा वजन सापडत नाही, कारण ते तिथे येतच नाही. मागच्या रस्त्याने जातं."

सभागृहात हशा पिकला. साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, "बघा! वचक असावा तर असा!"

टाळ्या वाजल्या. तिने आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तोवर पुढच्या नाक्याचे आकडे लागले होते. महिन्याभरात हुकूम आला: बढती, आणि इतर नाक्यांवर जाऊन तपासणी कशी कडक करावी हे शिकवायचं काम. तिने नाही म्हणायचं ठरवलं होतं. बापाची औषधं, स्वतःच्या खोलीचं भाडं, पुढची वर्षं, सगळं डोळ्यांसमोर आलं. तिने सही केली.

बातमी घरी कळली होती. ती गेली तेव्हा भाऊ दुकानात तयार मापाच्या काचा उतरवून घेत होता. आता त्या बाहेरून कापून येत. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "वर चढलीस म्हणे," आणि गोदामात निघून गेला. बापाला बढतीबद्दल तिने सांगितलं, तर त्याने "बरं" म्हटलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

मागच्या खोलीत वहिनी मोकळे केस पाठीवर टाकून बसली होती. डाव्या हातात फणी होती. केस विंचरून झाले होते, बांधता येत नव्हते.

"वन्सं, तेवढे बांधून द्या," ती म्हणाली. "यांना जमत नाही, ओढतात."

ती मागे बसली. केस हातात घेतले तोच घर हादरायला लागलं. लॉरी येत होती. दोघी थांबल्या. ताटाळ्यातली ताटं वाजली, पुढच्या काचा वाजल्या, मग सगळं शांत झालं.

"वहिनी, माझ्यावर..."

"राग नाही असं नाही म्हणणार मी," वहिनी म्हणाली. "आहे. रोज असतो. उजवा हात उचलायला गेले की येतो." तिने मान सरळ केली. "पण केस घट्ट बांधा. ढिले ठेवलेत तर मला दिवसभर सावरता येत नाहीत."

तिने तीन पेड केले. वेणी पहिल्यांदा ढिली झाली. ती सोडवून तिने पुन्हा घातली.